घर बसून बघावं

साताऱ्यात फौजेतून निवृत्त झालेल्या आमच्या घरमालकांना सारी गल्ली ‘सुभेदार’ म्हणे, आणि ते प्रत्येकाला वाटेत थांबवून दुरुस्त करत. “हवालदार. सुभेदार म्हनून एक दिवसाचा पगार घेतला न्हाई, मग नाव कशाला फुकटचं घ्यायचं?” गल्ली ऐके, मान डोलवे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा “रामराम सुभेदार” म्हणे. मी मात्र पहिल्यापासून त्यांना हवालदारच म्हणत आलो. त्यांच्याशी मी खरेपणाने वागलो अशी जी मोजकी उदाहरणे मला आठवतात, त्यांतले हे एक.

मी मूळचा सांगलीचा. कारखान्याने माझी बदली साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत केली, तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि मुलगी चौथीत होती. आठवडाभरात घर शोधून बिऱ्हाड हलवायचे होते. गोडोलीच्या चढावर एका दुमजली घराच्या फाटकाला पाटी दिसली : ‘वरचा मजला भाड्याने देणे आहे. दलालांनी येऊ नये. घाईत असणाऱ्यांनीही येऊ नये.’ मी घाईत होतो, तरी गेलो.

खाकी पँट, पांढरा सदरा, पायांत नाड्या नसलेले कॅनव्हासचे बूट. ओसरीवर ते शेंगा फोडत बसले होते.

“कुठलं?”

“सांगलीचा.”

“बसा सांगलीकर. घर बघाय आलाय का घ्याय आलाय?”

“दोन्ही एकच की.”

“लय फरक हाय. घ्याय आलेल्याला काय दिसत न्हाई.”

मग त्यांनी मला वर नेले आणि घरातली एकही चांगली गोष्ट दाखवली नाही. पश्चिमेच्या भिंतीची ओल दाखवली. जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटे उंच होती, ती दाखवली. तिथे त्यांचा आधीचा भाडेकरू दोनदा पडला होता, तेही सांगितले. खिडकीतून शेजारचे घर दाखवून म्हणाले, “ह्ये वकील. मानूस सोन्यासारखा. पन पहाटं पाचाला शंख फुकतो. तीन येळा. उद्या या, ऐका, सोसला तर म्होरचं बोलू.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी, एका कारखान्याचा गुणवत्ता-अधिकारी, अंधारात कुणाच्या तरी ओसरीवर शंख ऐकायला बसलो होतो. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता गच्चीचा तापलेला पत्रा बघायला पुन्हा बोलावले. तिसऱ्यांदा संध्याकाळी, नळ येतो तेव्हा. एवढे झाल्यावर भाडे सांगितले, आणि ते इतके वाजवी होते की घासाघीस करायला जागाच उरली नाही. जाताना म्हणाले, “चांगलं आपनहून दिसतं, सांगलीकर. वाईट ईचारावं लागतं.”

त्या घरात आम्ही बारा वर्षांहून अधिक काळ राहिलो. सांगितले नव्हते असे एकही वैगुण्य तिथे कधी निघाले नाही.

त्यांच्या विक्षिप्तपणाची खरी ओळख पुढे झाली. सातारा त्या वर्षांत भराभर वाढत होता. महामार्गाच्या दोन्ही अंगांना इमारती उठत होत्या. जिथे जिथे ‘भाड्याने देणे’ची पाटी लागे, तिथे हवालदार जात. स्वतःचे घर असताना, कुठेही राहायला जायचे नसताना. एका हातात घडीचे स्टूल, दुसऱ्या हातात बादली, खिशात काचेची गोटी. बादली नळाखाली धरून ती भरायला किती वेळ लागतो ते मनगटावरच्या घड्याळात बघत. गोटी फरशीवर सोडून उतार कुठल्या कोपऱ्याला आहे ते पाहत. न्हाणीघरात स्वतःला कोंडून घेऊन आतून ओरडत, “आवाज येतुया का भाईर?” एकदा कडी खरोखरच अडकली आणि दलालाला सुतार बोलवावा लागला. बाहेर आल्यावर हवालदार शांतपणे म्हणाले, “बघा. पावनी बाई अडाकली असती म्हंजे?”

हे सारे झाले की रिकाम्या खोलीच्या मधोमध स्टूल मांडून बसत. तास, दोन तास, कधी सबंध दिवस. “घर हिंडून कळत न्हाई,” ते म्हणत. “बसून बघावं लागतं.”

साताऱ्यातले दलाल त्यांना लांबून पाहूनच शटर ओढीत. एका तरुण दलालाने एकदा हात जोडले. “आवं बाबा, तुमाला घ्यायचंय का हे घर?”

“न्हाई.”

“मग कशाला माझा दिवस मोडताय?”

“ज्याला घ्यायचंय त्याला सवड नसती. कुनीतरी बघून ठेवाय नगो?”

आणि खरोखरच त्यांच्याकडे माणसे येत. कवठे महांकाळकडच्या त्यांच्या कोरडवाहू गावातली, कोरेगाव-खटावातली मुले पुण्याला नोकरी लागली की जाण्याआधी ओसरीवर येऊन बसत. हवालदार त्यांना एखाद्या तुकडीला सूचना द्याव्यात तशा देत. पाण्याचे मालकाला विचारू नका, वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला विचारा. घर दाखवणारा पुढे चालत असतो, तो जिथे भराभर चालेल तिथे तुम्ही थांबा. कुणी मोबाइलवर खोलीचे फोटो पुढे केले की ते डोळे बारीक करून बघत, आणि मोबाइल परत देत. “झ्याक हाय गड्या. पन फोटूत वास येतो का? आवाज येतो का?”

मुले हसत. मीही हसत असे, वरच्या कठड्याला टेकून. त्या हसण्यात आपुलकी होती असे मी तेव्हा समजत होतो. आता वाटते, त्यात थोडा कमीपणाही होता, आणि तो मी त्यांच्या वाट्याला घालत होतो.

या साऱ्यामागचे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले. त्यांच्या पत्नी आम्ही यायच्या आधीच वारल्या होत्या. त्यांना ऐकायला कमी येई, एवढेच गल्लीकडून मला ठाऊक होते. एका दुपारी त्यांचा विषय निघाला.

“नवं लगीन,” हवालदार म्हणाले. “पलटन सरहद्दीवर. तिला पुन्यात ठेवायची म्हनून खोली बघितली. रजेचा शेवटचा दिस. गुरवार हुता. खोली वरची, हवेशीर, खाली दुकान बंद. झ्याक म्हनलं, घेतली, रातच्या गाडीनं गेलो.”

त्यांनी हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली.

“खाली पिठाची गिरन हुती, सांगलीकर. तवा तिकडं गुरवारी लाईट नसायची, म्हनून बंद. बाकी सा दिस सकाळपासनं चालू. भुई हलायची. पीठ जिन्यानं वर यायचं. दोन वर्सं ऱ्हायली ती तितं. पत्रात काय लिवायची? ‘खोली ठीक आहे. काळजी नसावी.’ दोन वर्सं. एक अक्षर न्हाई. मी सुट्टीवर आलो तवा ती घास खाताना पन मोठ्यानं बोलत हुती.”

मी काहीतरी समजुतीचे बोललो असेन. त्यांनी ते कानाआड केले.

“बायका-पोरी ‘ठीक हाय’ म्हनत्यात. त्येवर जाऊ नये. आपून जाऊन बसावं.”

मुलीचे शिक्षण संपले आणि तिला पुण्यात नोकरी लागली. शहराच्या पश्चिमेला, जिथे वर्षभरापूर्वीचा रस्ता आज ओळखू येत नाही अशा भागात. मोबाइलवर शोधाशोध करून तिने एका मोठ्या संकुलातला लहानसा फ्लॅट पसंत केला. ऑफिसमधली एक मैत्रीण सोबत राहणार होती. रविवारी आम्ही तिघे जाऊन बघून आलो. चकचकीत प्रवेशद्वार, बाग, गणवेशातले रक्षक. फ्लॅटचे मालक अतिशय सभ्य गृहस्थ होते. बोलता बोलता म्हणाले, “आम्ही फॅमिली बघूनच देतो. नंतर कटकट नको.” ते ‘फॅमिली बघून’ माझ्या मनात रुतून बसले. परतताना गाडीत मी स्वतःकडे त्यांच्या नजरेने बघत होतो, आणि मला, सांगलीच्या एका शिपायाच्या मुलाला, त्या परीक्षेत पास व्हायचे होते. करार येत्या शुक्रवारी करायचे ठरले.

संध्याकाळी हवालदारांनी फाटकातच गाठले. “कंच्या दिशी बघितलं?”

“आज. रविवार ना.”

“रविवारी?” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी घर बघितलेच नव्हते. “रविवारी समदं गाव झोपतंय. मग काय बघितलं? कामाच्या दिशी एकदा जाऊ. मी येतो की. सक्काळची येष्टी धरू.”

माझ्या डोळ्यांपुढे ते प्रवेशद्वार आले, आणि त्यासमोर बादली, स्टूल आणि गोटी घेतलेले हवालदार. मी म्हणालो, “आता कशाला? करार झालासुद्धा.”

ते खोटे होते. मी इतक्या सहज बोललो की मलाच आश्चर्य वाटले.

“बरं,” ते म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या पत्नीकडून संकुलाचे नाव आणि पत्ता कागदावर लिहून घेतला. तिने मला ते सांगितले, आणि मी लक्ष दिले नाही. शुक्रवारी करार करायचा आहे, हेही ती त्यांना बोलून गेली असणार. मी खोटे बोललो हे त्यांना कळले होते, आणि तरीही ते पुण्याला गेले.

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी कारखान्यात बैठकीत होतो. अनोळखी क्रमांकावरून फोन आला. त्या संकुलाचा सुरक्षा-प्रमुख बोलत होता, नम्र, मराठवाड्याकडचा आवाज.

“सर, इथं एक म्हातारे गृहस्थ सकाळी सातपासून गेटसमोर स्टूल टाकून बसलेत. येणाऱ्या-जाणाऱ्या मॅडम लोकांना पाण्याचं विचारतेत, लिफ्टचं विचारतेत. कंप्लेंट आली. ते म्हणतेत तुमच्या ओळखीचे हाईत. तुमचा नंबर त्यांनीच दिला. फ्लॅटचे ओनर पण इथंच उभे हाईत सर. ओळखता का तुम्ही यांना?”

मी त्या क्षणाचा पुष्कळदा विचार केला आहे. विचार करायला वेळच मिळाला नाही, असे म्हणणे सोयीचे ठरेल. पण वेळ मिळाला होता. बैठकीतून उठून मी व्हरांड्यात आलो होतो. समोर मालवाहू गाडी वळत होती, ती पुरती वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो. तेवढ्या वेळात मला काय दिसले, तर ते सभ्य मालक, भुवया उंचावून उभे असलेले.

“नाही,” मी म्हणालो. “मी ओळखत नाही त्यांना.”

“ठीक हाय सर. मग आम्ही बघतो.”

मी बैठकीत परत गेलो. माझ्या मांडणीचे त्या दिवशी कौतुक झाले.

हवालदार रात्री आठच्या सुमारास परतले. फाटक वाजले, स्टूल ओसरीवर ठेवल्याचा आवाज आला. मी खाली गेलो नाही. शुक्रवारी सकाळी आम्ही गाडीत बसत असताना ते बाहेर आले. हातात दिनदर्शिकेचे फाडलेले पान होते, मागच्या कोऱ्या बाजूने लिहिलेले, चार घड्या घातलेले.

“साहेब, ह्ये असू द्या,” ते म्हणाले.

साहेब. पहिल्या दिवसापासून मी त्यांचा सांगलीकर होतो. मी पान खिशात ठेवले आणि गाडी सुरू केली.

प्रवेशद्वारावर नाव नोंदवताना सुरक्षा-प्रमुखाने मला आवाजावरून ओळखले. मोकळा माणूस होता. “कालचे ते आजोबा, सर. बरं झालं तुम्ही सांगितलं. फोन स्पीकरवरच टाकला होता, ओनरना ऐकू यावं म्हणून. आजोबा समोरच उभे. आम्हाला वाटलं आता वाद घालतील. काहीच नाही. माझ्याकडं बघून मान हलवली, स्टूल घडी केलं अन् गेले. उन्हात चालतच गेले हो, स्टॉप लांब हाय इथनं.”

पत्नी आणि मुलगी पुढे गेल्या होत्या. मी बागेतल्या बाकावर बसलो आणि ते पान उघडले. जवानाचे अक्षर, सरळ ओळी, प्रत्येक ओळीला क्रमांक. टँकर किती वाजता येतो. मागच्या बाजूला काँक्रीट कालवण्याचा कारखाना आहे, तो रविवारी बंद असतो. कामाच्या दिवशी धूळ आणि आवाज, म्हणून मुलीने मागची खोली घेऊ नये, पुढची घ्यावी. दोनपैकी एक लिफ्ट बंद पडते, जिन्यावर दिवे आहेत. कोपऱ्यावरचा रिक्षावाला भला माणूस दिसतो. पाचव्या मजल्यावर साताऱ्याकडची एक बाई राहते, अडीअडचणीला उपयोगी पडेल. शेवटी, थोडी जागा सोडून, वेगळ्या शाईत :

‘गेटवर बंदोबस्त चांगला. ओळख पटल्याशिवाय कोणा माणसास उभे राहू देत नाहीत. मुलीला राहण्यास हरकत नाही.’

ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही. त्यात टोमणा शोधला. तो सापडला असता तर बरे वाटले असते. पण तो माणूस टोमणे लिहिणाऱ्यांतला नव्हता. त्याने जे पाहिले ते अहवालात नोंदवले होते. स्वतःला हाकलून दिले गेले, ही गोष्ट त्याने माझ्या मुलीच्या घराच्या चांगल्या बाजूला मांडली होती.

मी आग्रह धरला, म्हणून मुलीने पुढची खोली घेतली. ती तिथे सुखात आहे. हा आग्रह मुळात कुणाचा, ते मी तिला सांगितले नाही.

खाली जाऊन क्षमा मागायला एकवीस पायऱ्या उतरायच्या होत्या. मी त्या रोज उतरत होतो. “रामराम हवालदार,” मी म्हणे. “रामराम साहेब,” ते म्हणत. पाण्याची वेळ बदलली तर कळवत. दिवाळीला शेंगांची पिशवी वर पाठवत. वागण्यात काडीचाही फरक नव्हता. फक्त ते आता मला कुठल्याही रिकाम्या घराची हकिकत सांगत नसत. आणि त्यांचे स्टूल ओसरीच्या कोपऱ्यात धूळ खात राहिले. दलालांना वाटले, म्हातारा थकला. मला ठाऊक होते की ते थकले नव्हते.

शब्द मी अनेकदा जुळवले. शुद्ध, विचारपूर्वक, अगदी आता जुळवतो आहे तसे. दर वेळी वाटे, आज नको. आज ते शेंगा फोडत आहेत, आज कुणी आले आहे, आज त्यांचा चेहरा बरा दिसतो आहे, तो कशाला बिघडवा. संकोचाला मी बराच काळ सभ्यपणा समजत होतो. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चुका या एका गैरसमजातून झाल्या आहेत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना श्वासाचा त्रास सुरू झाला. गावाकडून पुतण्या आला आणि त्यांना कवठे महांकाळला घेऊन गेला. तिथून पुढे मिरजेच्या एका दवाखान्यात हलवले. पुतण्याचा फोन आला : “बोलणं कमी झालंय. येऊन जावा.” मी एकटाच निघालो. कराड सुटेपर्यंत माझी वाक्ये पाठ झाली होती, सांगली आली तोवर त्यांतले एकही उरले नव्हते.

अतिदक्षता विभागाच्या दारात परिचारिकेने अडवले. पुतण्या औषधे आणायला गेला होता. दार अर्धे उघडे होते. पलीकडे तिसऱ्या खाटेवर ते उशांना टेकून बसवलेले दिसत होते, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा.

“नातेवाइकांनाच सोडतो,” ती म्हणाली. “तुम्ही कोण त्यांचे?”

भाडेकरू म्हणावे, तर तेवढेच नव्हते. त्याहून अधिक काही म्हणण्याचा अधिकार मी एका व्हरांड्यात उभा राहून सोडून दिला होता. माझी ती अवस्था बघून ती खाटेकडे वळली आणि जरा मोठ्याने म्हणाली, “आजोबा, हे बाहेर कोण आलेत? ओळखता का यांना?”

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिले. घाई त्यांना कधीच नव्हती, आणि आताही नव्हती; एखाद्या रिकाम्या खोलीकडे बघावे तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली घातली नाही. तेवढे तरी मी केले.

मग त्यांनी मुखवटा बाजूला केला.

“व्हय,” ते म्हणाले. “वळखतो मी त्यास्नी.”

परिचारिका दारातून बाजूला झाली. वाट मोकळी होती, आणि मी कितीतरी वेळ तिथेच, उंबऱ्याच्या अलीकडे, उभा राहिलो.